पाहुण्यासाठी साकव

साकवावरून उतरून साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. बूट कोरडेठाक होते.

"वा! वाट तर छान आहे तुमची," ते म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर साकवाचा फोटो काढला.

तो फोटो निघताना बघून सकुबाईला आपली चूक कळली.

पट कमी म्हणून पाड्यावरची चौथीपर्यंतची शाळा बंद करायची आणि पोरं ओहोळापलीकडच्या मोठ्या शाळेत धाडायची, असा हुकूम येऊ घातला होता. पोरांना ती वाट झेपेल का, एकदा डोळ्यांनी बघून जा, म्हणून शाळा समितीची अध्यक्ष सकुबाई मुरबाडच्या शिक्षण ऑफिसात खेपा घालत राहिली, तेव्हा कुठे साहेब आले. आणि साहेब येणार म्हणताच पाडा कामाला लागला. पाहुणा यायचा म्हणजे ओहोळावर साकव पडलाच पाहिजे, मग ते वऱ्हाड असो की मतदानाची पेटी. काल तिच्याच नवऱ्याने, बारकूने, चार जणांना हाताशी घेऊन ऐनाचे ओंडके आडवे टाकले, धरायला बांबू बांधला. दोर आवळायला सकुबाई स्वतः पुढे. साहेबांचे पाय भिजता कामा नयेत, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. आपण काय करून बसतोय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

"साहेब, ह्यो साकव कालच टाकला. तुमच्यासाठी," ती घाईघाईने म्हणाली. "पावसात टिकत नाय. श्रावणात हितं माणूस बुडंल एवढं पानी असतं."

"कालच? मग बघा, मनात आणलं तर गावाला सगळं जमतं," साहेब हसले आणि शाळेच्या नम्रता मॅडमबरोबर चहाला वर गेले.

सकुबाई काठावरच राहिली. तिची थोरली, रविना, चौथी झाल्यावर त्या मोठ्या शाळेत जायला लागली होती. पहिल्याच पावसाळ्यात पाण्याने तिचा पाय उचलला. बारकूने केसांना धरून ओढली म्हणून वाचली. त्या दिवशी दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. धाकटी सोमी आता दुसरीत होती. तिचंही तेच होणार, आणि या वेळी ओहोळाला तरी काय बोल लावायचा? करणी आपलीच.

तिने बारकूच्या कमरेचा कोयता ओढून घेतला.

"सकू, येड लागलं का गो?" बारकू हादरलाच. "पाव्हना अजून पाड्यात हाय. त्याच्या पायाखालचा साकव तोडतेस? तोंड कुठं दाखवायचं आमी?"

"लाज मलापण वाटते," ती म्हणाली. पहिला घाव दोर सोडून ओंडक्यावरच बसला.

दुसऱ्या घावाला दोर तुटला. तसा बारकू खाली उतरला आणि त्याने ओंडक्याला खांदा लावला.

साहेब परतले तेव्हा ओंडके काठावर पडले होते आणि ओहोळ मोकळा वाहत होता. जीप पलीकडे उभी होती. पाऊस सरून भातं कापणीला आलेली, त्यामुळे पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर. सकुबाई सोमीला घेऊन पाण्यात उभी होती. पोरीच्या ते कमरेला लागत होतं.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांचा आवाज चढला.

संपलं, सकुबाईला वाटलं. आता रागाच्या भरात काहीतरी लिहितील आणि असलेली शाळाही जाईल. तरी तिने हात पुढे केला.

"बूट मी घेते, साहेब. तुमी पोरीचा हात धरा."