ठिणगीचा गोंगाट

"बाबा, तुमचं हे खेळण्यातलं मशीन लोखंड कापेल का हो?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी विचारलं, आणि हृदयाच्या ऑपरेशननंतर घरी बसून त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने लाकडावर नावं कोरणारे बाबा एकदम पेटलेच! कोरायची मोटर उतरवली, तिथे विजेच्या ठिणगीने लोखंड कापणारा प्लाझ्मा टॉर्च बसवला, खाली लाकडी फळीऐवजी पाण्याचा ट्रे आला. आई म्हणाली, "आता घरच कापा एकदाचं."

आज पहिला पत्रा लावला. टॉर्च पेटला, निळा उजेड फुटला. मी शिट्टी मारणार तोच मशीन रेघ सोडून भलतीकडेच धावत सुटलं. बाबांनी झटकन लाल बटण दाबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं ठमे," बाबा हसत म्हणाले. "ठिणगी पेटताना असा काही गोंगाट करते, आपल्याला ऐकू न येणारा, की मशीन चालवणाऱ्या जवळच्या कंट्रोलरचं डोकंच फिरतं. बिचाऱ्याचा ठोका चुकतो. त्याला जरा लांब ठेवू, की झालं. चल, पुन्हा लावू."

आई दारातच थिजली होती. ती बाबांच्या शर्टाकडे बघत होती, डाव्या खिशाच्या जरा वर. मीही बघितलं. तिथे, कातडीखाली, त्यांचा पेसमेकर आहे.

मी सरळ प्लगच उपटला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. कंट्रोलर आहे तिथेच राहील. लांब बाबा जाणार."