सडांचं मलम

मार्लिसला ताप होता, खाली फोड होते आणि लघवीला गेलं की आग व्हायची. हर्पिसचं निदान झाल्यापासून तिनं नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. बहिणीकडे जायची बॅग गाडीत होती. “मी शेण खाल्लेलं नाही. मला काही झालंच नाही,” ड्वेन डॉक्टरीणबाईंना म्हणाला. “पुरुषांना पुष्कळदा कळतही नाही. बारीक पुळ्या येतात, जातात. बायकांना मात्र पहिल्यांदाच लोळवतो हा आजार. वर्षानुवर्षं दबूनही राहतो. आठवून बघा.” ड्वेनचे कान लाल झाले. “ट्रॅक्टरच्या सीटनं घासतं अधूनमधून. गाईंच्या सडांचं मलम लावतो.” “कधीपासून?” उत्तर मार्लिसनंच दिलं. “माझ्याही आधीपासून.” ओळख झाल्यापासून दर नाताळला भेटवस्तूंसाठी टांगलेल्या त्याच्या मोज्यात त्या मलमाची डबी तीच हसत घालायची. म्हणजे हे दुखणं लग्नाआधीचंच; तिचा जीव भांड्यात पडला. “चल घरी, येड्या. गाडीतली बॅग तूच उचलायचीस. ते मलम आता गाईंनाच लाव.”