एकाच कढईतलं तेल

इरावतीने कमलच्या पोटरीवरचा वण पुन्हा दाबून पाहिला. मागच्या आठवड्यात होता तसाच तो होता, लालसर, टणक, कडेने फुगलेला.

"किती दाबाल मॅडम," कमल म्हणाली. "तो काही आत जाणार नाही."

कमल आणि तिची धाकटी जाऊ पलक मल्हारगंजहून राऊच्या या फार्मसी कॉलेजात आल्या होत्या. घरच्या शेवेच्या कारखान्यात कढई कलंडली, तेव्हा दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. कमलची पोटरी भाजली, पलकचा गळा. जखमा भरल्या, पण कातडीला कुठे थांबायचं ते कळलं नाही. वण वाढतच राहिले. अशा वणांवर मंडूकपर्णीच्या अर्काचं जेल चालतं का, हे इरावती तपासत होती. काहींना औषधाचं जेल, काहींना नुसतंच. कोणाला काय मिळालं, हे शेवटचं मोजमाप होईपर्यंत तिलाही माहीत नव्हतं.

ते सोमवारी उघड झालं आणि इरावतीचं डोकं भणभणलं. औषध कमलला मिळालं होतं आणि तिला कणभरही फरक नव्हता. पलकला नुसतं जेल होतं आणि तिच्याइतका वण दुसऱ्या कोणाचाच सपाट झाला नव्हता. तपासणीत माणसं मुळात थोडी. या दोघींनी सगळा अभ्यास आडवा केला होता. सांगलीहून इथवर येऊन केलेली मेहनत अशी एका घरात येऊन बुडावी, याचा तिला रागच आला होता. म्हणून दोघींना पुन्हा बोलावलं. पलक तेवढ्यात कॅन्टीनमधून चहा आणायला गेली.

"रोज लावत होतात ना?"

"रोज."

"खाज?"

"पहिल्या ट्यूबला तर एकदम बंद झाली होती. मग परत सुरू."

"परत का?"

कमलने साडी घोट्यापर्यंत ओढून घेतली. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलेलं दिसत होतं. तिला ते जमलं नाही.

"बदलली ना मी," ती म्हणाली. "दोघींच्या ट्यूबा काउंटरवरून मीच घ्यायची. दिसायला सेम. तिकडे ती रात्रभर गळा खाजवायची आणि इकडे माझी खाज बंद. बस, समजलं मला. मग माझी तिला देत गेली. तिची मी लावली."

"पलकला माहीत आहे?"

"नाही."

इरावतीला इतका आनंद झाला, की तिचा तिलाच संकोच वाटला. औषध चाललं होतं. अगदी व्यवस्थित चाललं होतं.

"कमलताई, हे माझ्या गाइड सरांना सांगू या," ती घाईने म्हणाली. "मग तुम्हा दोघींचे आकडे वगळता येतील. कारण लिहायचं आणि खाली दोघींच्या सह्या. एवढंच."

"दोघींच्या?"

"तसा नियम आहे."

"मग नको."

इरावतीने समजावून पाहिलं. औषध लागू पडतं हे दिसलं नाही, तर काम इथेच थांबेल, हेही सांगितलं. "आणि पलकला कळलं तर बिघडलं कुठे? तिला बरंच वाटेल. तिच्यासाठी केवढं केलंत तुम्ही."

"तेच तर नको ना, मॅडम." कमल शांतपणे म्हणाली. "आत्ता ती माझ्याशी भांडते. गॅसवरून, पोरांवरून, कशावरून पण. हे समजलं ना, की गप्प बसेल. मी जे म्हणेन त्याला हो भाभी, जी भाभी. जन्मभर. उपकाराखाली दबलेली जाऊ मला नको घरात. भांडणारीच ठीक आहे."

"आणि माझं काम?" इरावतीच्या तोंडून निघून गेलं.

"तुमचं नुकसान होतंय, ते दिसतंय मला. वाईट वाटतं. पण सही मी नाही करणार."

दार ढकलून पलक आत आली. ओढणी खांद्यावर टाकलेली, गळा उघडा. तिने चहाचे कप टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढली.

"काय निघालं मॅडम? असली, औषधवाली ट्यूब कोणाची होती?"

सांगणं भाग होतं, तो तिचा हक्क होता. कमल भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली.

"औषध कमलताईंच्या नंबरला होतं," इरावती म्हणाली. "तुमच्या नंबरला नुसतं जेल."

पलकने गळ्यावरून हात फिरवला आणि ती खूश होऊन हसली. "म्हणजे माझं तर असंच बरं झालं." मग ती जावेकडे वळली. "आणि भाभी, तुम्हाला असली मिळून पण हे हाल? किती बोलली मी, टाइमावर लावत जा, टाइमावर लावत जा. तुम्ही ऐकता कोणाचं?"

"कंटाळा येतो ग मला," कमल म्हणाली आणि तिने कप उचलला.

"कंटाळा! फुकटचं औषध आणि त्याचा पण कंटाळा."

इरावतीने कमलकडे पाहिलं. कमलने नुसती मान हलवली, नाही अशी.

चहा पिऊन दोघी निघाल्या. त्या जिना उतरून गेल्या तरी पलकचं बोलणं वर ऐकू येत होतं, मधूनमधून कमलचंही.

संध्याकाळी सरांनी विचारलं, त्या दोघींना वगळायला काही कारण सापडलं का.

"नाही सर," इरावती म्हणाली. "दोघी भांडत भांडत घरी गेल्या."