पाहुण्यासमोर

“एका पायावर उभं राहता येतं का, आजोबा?” नगरपालिकेच्या नागुमोसाहेबांनी मांडीवरच्या कागदात बघत विचारलं.

तोकुजी उठले आणि त्यांनी डावा पाय चांगला वीतभर उचलला. त्यांची मुलगी किवाको बघतच राहिली. सकाळी याच माणसाला अंथरुणातून उठवायला तिला अर्धा तास लागला होता.

“वा! शहाऐंशी ना?”

“सत्त्याऐंशी लागलं. रेडिओवरची सकाळची कवायत चुकवत नाही मी.”

कवायत लागली की ते खुर्चीत बसून ऐकत, आणि निम्म्यात त्यांचा डोळा लागे.

“अंघोळ?”

“एकट्यानं! वर गाणी म्हणतो. शेजारी तक्रार करतात.”

साहेब हसले. कागदावर ‘जमतं’च्या रकान्यात आणखी एक गोल उमटला. किवाको एकेक गोल मोजत होती. पालिकेची मदतनीस मंजूर झाली नाही, तर शाळेच्या स्वयंपाकघरातली तिची जागा महिनाअखेरीला दुसरीला जाणार होती. पुढे हे घर आणि ती, एवढंच. पण परक्या माणसासमोर बापाला खोटं पाडायचं कसं?

निरोप द्यायला तोकुजी पुन्हा उभे राहिले.

दाराशी बूट चढवताना साहेबांनी आवाज खाली आणला. “ताई, पाहुणा आला की म्हातारी माणसं अशीच ताठ होतात. रोजचं खरं काय ते सांगा. मी तसं लिहितो.”

किवाकोने मागे पाहिलं. सरकत्या दाराच्या फटीतून तोकुजी तिच्याकडेच बघत होते. छाती पुढे, हनुवटी वर. इतके खूश ते कितीतरी दिवसांत दिसले नव्हते.

“बाबा ठणठणीत आहेत,” ती म्हणाली. मग निरोपाच्या नमस्काराला कमरेत वाकली, आणि साहेबांची गाडी वळणाआड गेली तरी वाकलेलीच राहिली.

ती आत आली तेव्हा तोकुजी जागचे हलले नव्हते.

“गेला का तो?”

“गेले.”

“कसा होतो मी?”

“पैलवान होतात.”

“मग आता बसव मला, पोरी. गुडघा वाकत नाहीये.”

तिने त्यांच्या पाठीला हात लावला. शर्ट घामाने चिंब भिजला होता. ओठ आवळून, त्यांचं सगळं वजन अंगावर घेत, ती त्यांच्याबरोबर सावकाश खाली जाऊ लागली.