डावीकडचा गोळा

"निलू, ह्यातला मऊ कंचा? बोट लावून सांग."

जलीलभाईंनी फळीवर दोन गोळे ठेवले होते. होडीच्या फटी भरायची लांबी, सकाळपासून मळलेली. एकात राळ जास्त. तो वाळून दगडासारखा होतो, म्हणून वरच्या काठाला आणि खिळ्यांच्या डोक्यांवर. दुसऱ्यात जवसाचं तेल जास्त; तो मऊ राहतो, लाकूड फुगलं की दबतो, म्हणून पाण्याखालच्या फटींना. रंग दोघांचा एकच. ताजेपणी फरक फक्त बोटाला कळतो: राळेचा चिकटतो, तेलाचा सुटतो. पण साखरेच्या आजाराने जलीलभाईंची बोटं दोन वर्षांपासून बधिर होती.

निलोफर पुण्याहून वडिलांकडे चार दिवस राहायला आली होती. जांभळाच्या सावलीत वाचत बसली होती. शेवटची वीसेक पानं उरली होती.

"डावीकडचा," ती म्हणाली.

"नीट बग. पाण्याखाली जायचाय."

"अब्बा, सांगितलं ना. डावीकडचा."

त्यांनी डावीकडचा गोळा उचलला आणि गेनूच्या होडीखाली सरकले. दिवस मावळेपर्यंत लांबी दाबायच्या त्यांच्या पत्तीचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजाला ते उठलेच नाहीत.

अब्बांचा चाळिसावा झाला तरी निलोफर पुण्याला गेली नव्हती. पुस्तक तिने पुन्हा उघडलं नव्हतं. घरातून भाटघर धरणाच्या पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून घरापर्यंत ती दिवसातून पाच-सहा वेळा जायची. होडीला मात्र हात लावायची नाही.

त्या सकाळी गेनू होडी न्यायला आला. पल्याडच्या वाड्यांमधली माणसं तो वर्षानुवर्षं अलीकडे आणत होता. उन्हाळाभर वाळलेलं लाकूड फुगावं म्हणून दोन दिवसांपूर्वीच त्याने होडीत पाणी भरून ठेवलं होतं. लाकूड फुगलं होतं. फटींतली लांबी दबली नव्हती. तिचे तुकडे पडून मातीत विखुरले होते, आणि तळातून पाणी ठिबकत होतं.

गेनूने एक तुकडा उचलून चुरला. "अस्तर द्यायचं ऱ्हायलं का काय भाईंचं? कोरं लाकूड तेल पितंय, मग लांबी अशी तडकती."

निलोफरने पत्ती घेतली, वाकली आणि एक फट खरवडली. आत शेंदराच्या अस्तराचा लाल थर होता. दुसरी खरवडली. तिसरी. अगदी कोपऱ्यापर्यंत लाल.

"अस्तर दिलंय," ती म्हणाली.

"मग हात चुकला." गेनू पाण्याकडे बघत राहिला. "वय झालं व्हतं. म्या न्हाई कुनाला सांगायचा, पोरी. पन लोक इचारत्याल. होडी न्हाई तर एसटीनं सगळ्या धरणाला वळसा. मानसं म्हनायची ते म्हनत्याल, जलीलभाईचं शेवटचं काम गळकं निघालं."

नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती तर विषय मिटला असता. निलोफर होडीभोवती एक फेरी मारून आली. मग आणखी एक. पत्ती खाली ठेवली, उचलली, पदराला पुसली.

गेनू तोवर जांभळाखाली भाईंचं सामान चाळत होता. पाणी भरलेल्या डब्याचं झाकण त्याने काढलं आणि आत बुडवून ठेवलेला दुसरा गोळा बाहेर घेतला. अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"आरं तिच्या! चाळीस दिस झालं, अन् आजून लोन्यावानी." तो गोळा तळहातावर घेऊन तिच्याकडे आला. "पोरी, पान्याखालची लांबी तर ही. मग भाईंनी ही का न्हाई भरली?"

तिने गोळ्याला बोट लावलं. मऊ होता. बोट सहज सुटलं.

"त्यांचा हात नाही चुकला, काका," ती म्हणाली. "मऊ कुठला, हे त्यांनी मला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. मी बोट लावलंच नाही."