सोल्युशनचं ठिगळ

सुई जेंगिशला धरता येत नव्हती; ट्यूब मात्र डोळे मिटून जोडता यायची. म्हणून त्याने लेकीची, बुरुलची, पँट आपल्या पंक्चरच्या दुकानातल्या लोखंडी ठोकळ्यावर पसरली, उजव्या गुडघ्याच्या भोकाभोवती कानस फिरवली, सोल्युशन फासलं, फुंकर मारून वाळवलं आणि आतून जुन्या ट्यूबचा तुकडा ठोकून बसवला. मग सवयीने गुडघा पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे येतात का, तेही बघितलं. नंतर स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

बुरुल सहा वर्षांची. मेंढीच्या हाडांचा डाव खेळायचा तर एक गुडघा मातीत टेकूनच नेम धरावा लागतो, आणि नेम म्हणाल तर गल्लीतल्या सगळ्या पोरांची हाडं हिच्या खिशात. पँट टिकायची कशी? एरवी जेंगिशने लक्षही दिलं नसतं. पण आज नारिनहून त्याची सासू, सालिका अपा, येणार होती. त्याच्या गेलेल्या बायकोचं, जिपारचं, वर्षाचं जेवण उरकून निघताना ती दारातच म्हणाली होती, की ज्या घरात सुई उचलणारं कोणी नाही, त्या घरात पोर ठेवू नये. बर्फ वितळलं की येईन, आणि आबाळ दिसली तर नातीला घेऊन जाईन. तिला अडवायला गावातलं कोणी पुढे आलं नसतं. बुरुल गेली, तर घरात जेंगिशशी बोलायला चहाची किटली तेवढी उरणार होती.

ठिगळ पक्कं बसलं, पण भोकातून काळं रबर डोकावत होतं. बुरुलने ते बघितलं आणि तोंड वाकडं केलं. हे तर ट्रकचं चाक झालं, मला फुलं पाहिजेत म्हणाली. जेंगिशने घर पालथं घातलं. फुलाफुलांचं कापड एकच निघालं, पेटीच्या तळाशी. जिपारचा घरात घालायचा झगा, निळ्यावर पांढरी फुलं. तो जेंगिशने नाकाशी धरला. मग कडेचा तुकडा कापून त्याने वरून चिकटवला. गुडघा टेकेल तेव्हा पोर आईच्या मांडीवर टेकल्यासारखी टेकेल, असं मनात आलं आणि त्याला फार बरं वाटलं.

अपा दुपारी आली. चहा घेतला, फळीवरून बोट फिरवून धूळ बघितली, बुरुलच्या केसांत उवा शोधल्या. काही सापडलं नाही तेव्हा, जावईबापू, तुम्ही तर अगदी सून झालात, असा टोमणाही मारला. जेंगिशचा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात तिची नजर गुडघ्यावर गेली. तो झगा तिनेच शिवलेला होता.

"हे कापड कुठलं?"

जेंगिशने खरं ते सांगितलं.

"अक्कल गहाण टाकलीस का रे?" अपा म्हणाली. "नव्वदीचा म्हातारा गेला की लोक त्याच्या नावाचं कापड फाडून नेतात, लेकरांना लावतात. का? तर त्याच्याएवढं आयुष्य लाभावं म्हणून. माझी पोर चौतिसाव्या वर्षी गेली. तिचं कापड तू हिच्या अंगाला लावलंस?"

जेंगिशला हे ठाऊकच नव्हतं. असल्या गोष्टी बायका एकमेकींना सांगतात. पुरुषाला कोण सांगत बसतं? अपाने बुरुलला पँट काढायला लावली, ती मांडीवर ओढली आणि नखाने ठिगळाचा कोपरा उचकटायला लागली. कोपरा हलेना. पिशवीतून कात्री काढून टोक घालून बघितलं. रबर वाकलं, पण कापड सुटलं नाही.

"निघत का नाही हे?"

"अपा," जेंगिश मान खाली घालून म्हणाला, "त्याच्यावर ट्रक चालतात."

बुरुल उघड्या पायांनी पुढे आली आणि तिने दोन्ही तळवे ठिगळावर ठेवले. आईचं आहे, काढू नको, एवढंच म्हणाली.

अपा थांबली. पोरीचे हात तिने हळूच बाजूला केले आणि फुलांवरून अंगठा फिरवत राहिली. जिपार तिच्या सात लेकरांतलं शेंडेफळ. हे कापड आणलं तेव्हा मायलेकींनी रंगावरून बाजारात भांडण केलं होतं, ते आठवून ती रडली, आणि रडणं लपवायच्या भानगडीत पडली नाही. मग तिने पुन्हा कात्री उचलली. आता ही गुडघाच कापून काढणार, आणि संध्याकाळच्या गाडीने पोरीलाही नेणार, असं जेंगिशला वाटलं.

अपाने स्वतःच्या झग्याचा घेर वर घेतला आणि त्या तपकिरी मखमलीचा पट्टा कापला.

"पंचाहत्तर वर्षं आहेत यात. कडेकडेने लाव. तिची फुलं मधे दिसू देत."

सुईदोऱ्याचा डबा तिच्या पिशवीत होता. तिच्या हातचे टाके सगळ्या नारिनला माहीत. तुम्हीच शिवा ना, असं जेंगिश म्हणाला.

"माझे टाके उसवतील. तुझं ते ट्रकवालं लाव."

तो दुकानातून सोल्युशनची डबी घेऊन आला. पट्टा फुलांभोवती सरळ बसला. फुंकर मारून त्याने तो वाळवला. मग अपाने पँटीचा डावा गुडघा उजेडात धरला. तोही विरत आला होता. तिने घेराचा आणखी एक तुकडा कापला, घडी घातली आणि जेंगिशच्या हातात दिला.

"हा जपून ठेव. तो गुडघा फाटेल तेव्हा मी असेन-नसेन. तुलाच लावायचाय."