यंत्रसामग्रीचा रकाना

कर कार्यालयातल्या टेबलावर कुमुदिनी साळवेकरांनी पिशवीतून नवरा काढून ठेवला. भालचंद्रराव जाऊन दोन वर्षं झाली होती, पण मरणाआधी त्यांचं सगळं डोकं, आवाजासकट, जिच्यात उतरवून घेतलं होतं ती ही यंत्राची डबी मात्र अखंड बोलत होती.

“व्यवसाय काय?” कारकून बाईंनी स्वयंरोजगाराचा अर्ज पुढे ओढला.

“सल्लागार,” डबी म्हणाली. “लग्न, नोकरी, वास्तू. रोज पन्नास माणसं येतात माझ्याकडे.”

कुमुदिनीबाईंनी नाक मुरडलं. जिवंतपणी या माणसानं एकही नोकरी वर्षभर टिकवली नव्हती. हे झोपाळ्यावर बसून जगाला अक्कल शिकवायचे आणि घर चालायचं बाईंच्या शिलाई मशीनवर. तीच फुकटची बडबड लोक आता पैसे देऊन ऐकत होते.

“मालक मी,” डबीनं फर्मावलं. “हिला मदतनीस लिहा. बिनपगारी.”

“मेलेल्या माणसाची नोंद होत नाही, साहेब. मालक जिवंत लागतो.”

“द्या इकडे.” कुमुदिनीबाईंनी अर्ज ओढून घेतला आणि मालक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. त्याखाली यंत्रसामग्रीचा रकाना होता.

“अगं, काय लिहितेस?” डबी घाबरली.

चाळीस वर्षांच्या संसारात उखाण्याशिवाय त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आज मात्र एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत त्यांनी ते लिहिलं. “भालचंद्र. नग एक.”

शेजारी यंत्राची अवस्था विचारली होती. तिथं त्यांनी लिहिलं, ‘जुनं. आवाज फार करतं.’